शेंदराखालचा त्रिकोण

नागपुरातल्या मनीषनगरच्या मोकळ्या मैदानावर त्या रविवारी सकाळी साठ-सत्तर मोटारसायकली रांगेनं उभ्या होत्या, आणि त्यांच्या मालकांनी हेल्मेटं काढून छातीशी धरली होती. अंगात जाड जाकिटं, गुडघ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या, पायांत नडगीपर्यंत चढलेले बूट, आणि प्रत्येकाच्या हॅण्डलवर एकेक जीपीएस नेव्हिगेटर, नाहीतर मोबाइल. लडाख, स्पीती, कच्छचं रण पालथं घालून आलेली ही मंडळी. पोपट पत्ता काढून भविष्य सांगतो म्हटलं असतं तर पोट धरून हसली असती. आज मात्र ती मार्गनाथ महाराजांची वाट पाहत होती.

महाराज आले ते भगवं हेल्मेट घालून. पाचशे सीसीची गाडी, मागं दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, टाकीवर झेंडूची माळ आणि हॅण्डलशेजारी उभा केलेला पितळी दंड. गाडीवरून न उतरताच त्यांनी माइक हातात घेतला.

"आकाशात उपग्रह किती? चोवीस. गायत्री मंत्राची अक्षरं किती? चोवीस. आता तुम्हीच सांगा, अमेरिकेनं ही विद्या कुठून नेली."

टाळ्या पडल्या. उपग्रह आता चोवीसाहून बरेच जास्त आहेत, पण जोडी इतकी सुरेख जमत असताना मोजायला कोण बसतो?

"जीपीएस म्हणजे काय? गुरू, पथ, साक्षात्कार. तुमच्या यंत्रात पथ आहे, पण गुरूच नाही. म्हणून पेंचच्या रस्त्याले तुम्हाले चकवा लागते. रानातलं भूत तुमच्या बाणाले भुलवते आन् गोल गोल फिरवते. फिरलात ना?"

दोन-चार माना हलल्या. चुकलेला माणूस आपण वाचण्यात चुकलो असं म्हणत नाही, त्याला भूत परवडतं.

महाराजांनी डोळे मिटले आणि दंड तीनदा खाली दाबला. क्षणात मैदानावरचे सगळे बाण थबकले. पडद्यापडद्यांवर एकच ओळ उमटली, उपग्रह सापडत नाही. माणसं मोबाइल झटकू लागली, आभाळाकडे पाहू लागली. मग महाराजांनी स्वतःचा नेव्हिगेटर उंच धरला. त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा शेंदराचा टिळा होता, आणि पडद्यावरचा निळा बाण रामटेकच्या रस्त्यानं खुशाल चालला होता.

"गाडी उभी आहे आन् बाण चालून राहिला. काहून? तुमचं यंत्र गाडीच्या मागं जाते. माझं यंत्र पुढं जाते. आधी जाऊन रस्ता पाहून येते, मग तुम्हाले सांगते."

नवऱ्याच्या, श्रावणच्या, गाडीवर मागं बसलेल्या चंद्रकलेनं हे सगळं पाहिलं, आणि खोटं कशाला सांगायचं, तिनंही हात जोडले.

श्रावणचं महाल भागात दोरे-बटणांचं दुकान होतं. आजा उमरेडला हातमागावर लुगडी विणायचा, बाप नागपूरला आला, मुलानं दुकान टाकलं. आठवडाभर गल्ल्यामागं बसून त्याचे पाय आंबायचे, म्हणून रविवारी गाडी. चंद्रकला घरी साड्यांना फॉल-पिको करायची. सहा वर्षांची भूमिका आणि सासू गोपिकाबाई, एवढं घर.

नेव्हिगेटर घ्यायचं महिनाभर चाललं होतं. त्याच्या फिरस्त्या गटात मिनल नावाची भूगोलाची शिक्षिका होती, स्वतः गाडी चालवणारी. तिनं त्याला घरी येऊन समजावलं होतं. "श्रावणभाऊ, रानात मोबाइलले नेटवर्क नसते, म्हणून नकाशा यंत्राच्या पोटातच पायजे. पडदा उन्हात दिसते का पाहा, हातमोजे घालून दाबता येते का पाहा, पाणी शिरत नाही ना, गाडीच्या बॅटरीवर चालते ना. आन् सगळ्यात आधी विचारा, नकाशा कोणत्या सालचा. नवा भरून मिळत नसेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका."

मैदानाला लागून वसंतचं दुकान होतं, हेल्मेटं-जाकिटांचं. महाराजांची सिद्ध यंत्रं तिथंच मिळायची. श्रावणनं सगळे प्रश्न शहाण्या पोरासारखे विचारले. पडदा दिसत होता, हातमोज्यानं दबत होता, वसंतनं तर यंत्र बादलीत बुडवून काढून दाखवलं. सालाचं विचारलं तेव्हा वसंत हसला.

"हे महाराजांच्या हातचं आहे. देवाच्या मूर्तीले कोणी साल विचारते का?"

श्रावण ओशाळला आणि यंत्र घेऊन आला. टिळा पुसायचा नाही, आणि बाईमाणसानं तर शिवायचंही नाही, असं दोनदा बजावलेलं होतं.

दहा-बारा दिवसांनी चंद्रकला फळी झाडत होती. नेव्हिगेटरवर धूळ बसलेली, शेंदूर ओघळून पडदाभर माखलेला. बाईच्या हाताला घाण दिसली की हात थांबत नाही. तिनं पदरानं काच पुसली आणि चालू होतो का बघावं म्हणून बटण दाबलं. टिळ्याच्या जागी एक पिवळा त्रिकोण लुकलुकत होता. शेजारी इंग्रजीत दोन शब्द. पहिला 'मॅप' तिला वाचता आला, दुसरा लांबलचक होता.

तेवढ्यात श्रावण आत आला. त्यानं त्रिकोण पाहिलाच नाही. त्यानं पदराला लागलेला शेंदूर पाहिला.

"हे काय केलं वं तू?"

"धूळ होती, म्हणून..."

 तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आईला मात्र सांगितलं, आणि यंत्र घेऊन मनीषनगरला गेला, महाराजांकडून नवा टिळा लावून आणला. आधीच्यापेक्षा मोठा.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी पाच गाड्या पहाटे निघाल्या. पारशिवनीच्या पुढं रानातून एक फेरी मारायची आणि दुपारी जेवायला घरी. साडेनऊला फोन आला तेव्हा चंद्रकला भरीत करायला वांगी भाजत होती. फोन पोलिसांचा होता.

जुन्या सावळी गावाचा रस्ता आठ वर्षांपूर्वी नव्या तलावात गेला होता. गाव उठून दुसरीकडे बसलं, रस्ता मात्र डांबरासकट उतारानं थेट पाण्यात शिरून राहिला. धुकं होतं. श्रावण सगळ्यांत पुढं होता, कारण त्याच्याकडे पुढं जाऊन रस्ता पाहून येणारं यंत्र होतं. पाणी छातीएवढंच होतं, पण गाडी मांडीवर पडली, बुटांत आणि जाकिटात पाणी भरलं, आणि छातीएवढं पाणी आडव्या माणसाला फार होतं. गावकऱ्यांनी गाडी ओढून काढली तेव्हा नेव्हिगेटर चालूच होता. पाणी त्यात शिरलं नव्हतं. वसंतनं एवढं एक खरं सांगितलं होतं.

तेरवीला महाराज वीस गाड्या घेऊन महालात आले. गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. श्रावणच्या फोटोला हार घालून ते खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात विचारलं, "यंत्राले कोणी शिवलं होतं?"

गोपिकाबाईंनी सुनेकडे पाहिलं. पाहिलं तेवढंच पुरलं.

"पुसला होता तिनं टिळा," त्या म्हणाल्या. "माह्या पोरानं सांगतलं होतं मले."

"नवा टिळा मी लावला होता, माय. पण फुटक्या घागरीले लिंपण किती दिवस टिकते?" महाराजांनी डोळे पुसल्यासारखं केलं. "यंत्रानं त्याले रस्ता दाखवला. बाईच्या हाताच्या विटाळानं चकवा आत शिरला."

मग त्यांनी शुद्धी सांगितली. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी बाईनं ओलेत्यानं मैदानात यावं, सगळ्यांसमोर नाक घासावं, आणि भ्रष्ट यंत्र महाराजांच्या हाती परत द्यावं. मग सव्वा वर्ष माहेरी राहावं. तोवर तिच्या हातचं पाणी घरात कोणी घेऊ नये. पोरीनंही.

पोरीनंही, हे शब्द त्यांनी जाता जाता, चपलेत पाय घालताना म्हटले.

गोपिकाबाईंनी त्याच संध्याकाळी सुनेचा माठ न्हाणीशेजारी ठेवला. नेव्हिगेटर अंगणात टोपलीखाली झाकला, कारण त्याला आता कोणी शिवायचं नव्हतं. फॉल-पिकोच्या साड्या शेजारणी न सांगता परत घेऊन गेल्या. भूमिका आजीच्या मांडीवरून आईकडे पाहायची. एकदा पाणी मागायला आली, अर्ध्यात थांबली आणि विचारलं, "आई, तू बाबाले मारलं का?"

चंद्रकलेनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते तिला जमलं नाही. कारण तिलाही तसंच वाटत होतं. पदरावरचा तो शेंदूर तिनं तीनदा धुतला होता आणि गेला नव्हता.

बुधवारी दुपारी मिनल आली. गोपिकाबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मिनल अंगणात पायरीवर बसली. चंद्रकलेला तिनं शेजारी बसवलं.

"वहिनी, मी त्या दिवशी मागं होते. फाट्यावर नत्थूजी म्हणून एक म्हातारा शेळ्या घेऊन उभा होता. मी गाडी थांबवून त्याले विचारलं. तो म्हणाला, पुढं पाणी हाय. मी ओरडले, हॉर्न वाजवला. पण भाऊ पुढं निघून गेले होते."

"त्याईनं विचारलं नाही?"

मिनलनं खाली पाहिलं. "विचारायची गरजच पडली नाही. नत्थूजीनं आपल्या मनानं आडवं होऊन सांगतलं होतं. तर भाऊंनी पडद्याकडे बोट दाखवलं, हसले आन् गेले."

हे ऐकून चंद्रकला रडली असती तर बरं झालं असतं.  ती म्हणाली, "मी टिळा पुसला म्हणून."

"टिळ्याखाली काय होतं?"

हा प्रश्न तिला आजवर कोणीच विचारला नव्हता. ना नवऱ्यानं, ना सासूनं, ना महाराजांनी.

"पिवळा त्रिकोण होता. लुकलुकत होता. इंग्रजीत काही लिहिलं होतं."

मिनल ताडकन उठली आणि टोपली उचलली. शेंदूर चिखलासकट वाळून काचेवर बसला होता. तिनं यंत्र चंद्रकलेसमोर धरलं. "पुसा."

"माह्यानं नाही होत."

"तुम्हीच पुसा, वहिनी. मी पुसलं तर तुमच्या मनातलं जाणार नाही."

चंद्रकलेनं डोळे मिटले आणि पदर ओला करून घासला. बटण दाबलं. त्रिकोण होता तसाच होता. मिनलनं तो लांबलचक शब्द वाचून सांगितला. "मॅप आउटडेटेड. नकाशा जुना झाला, यावर भरवसा ठेवू नका." तिनं दोन-तीन ठिकाणी दाबून साल काढलं. "बारा वर्षांचा जुना नकाशा आहे. तलाव आठ वर्षांचा. याच्या पोटात सावळी अजून वसलेली आहे, पाण्याचा थेंब नाही."

"म्हणजे मी पुसलं होतं तेव्हा..."

"तेव्हा तेवढा वेळ यंत्र खरं बोलून राहिलं होतं. मग महाराजांनी त्याचं तोंड पुन्हा बंद केलं."

अंगणात ऊन उतरलं होतं. चंद्रकलेच्या छातीवरचा दगड हलला, पण उचलला गेला नाही. त्याच्या जागी दुसरा येऊन बसला. शेंदूर पाहून घाबरले नसते, हात धरून तो त्रिकोण त्याला दाखवला असता, तर? तिनं हे मिनलला विचारलं.

"त्याईनं तुमचं ऐकलं असतं?" मिनल म्हणाली.

चंद्रकलेनं खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली. हे कबूल करणं तिला सगळ्यांत जड गेलं.

मग मिनलनं दुसरी गंमत दाखवली. नेव्हिगेटरच्या यादीत एक खूण होती, सिम्युलेशन. "म्हणजे लुटुपुटूचा प्रवास. दुकानात गिऱ्हाइकाले दाखवायले ठेवलेला असते. इथून तिथं जायचं सांगा, उपग्रह बंद करा, बाण आपला चालते. गाडीही लागत नाही." तिनं दाबलं. अंगणातल्या पायरीवर बसल्या बसल्या बाण पन्नासच्या वेगानं कोराडीला निघाला.

"आन् बाकीच्याईचे बंद पडतात ते?"

"उपग्रहाचा सिग्नल फार कमजोर असते. आकाशातून येता येता कुजबुजीएवढा राहते. कोणी जवळ बसून गोंगाट केला की ऐकू येत नाही. गोंगाट करणारी डबी मिळते, तिले जॅमर म्हणतात. ठेवणं गुन्हा आहे. माह्या मते त्या पत्र्याच्या पेटीत आहे, पण ते तिथं गेल्याशिवाय कळणार नाही." ती थांबली. "तुम्ही नका जाऊ. मी आन् पोलीस पाहून घेऊ."

"तो यंत्र परत काहून मागून राहिला, हे आता समजलं मले," चंद्रकला म्हणाली. "मी जाईन. ओलेतीच जाईन. मले फक्त हे चालवायचं शिकवून द्या."

शनिवारी मिनलनं पोलिसांत लेखी तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी ती दोनदा वाचली आणि माणूस मोकळा झाला तर पाठवू म्हणाले.

रविवारी मैदानावर दुप्पट गर्दी होती. चमत्कार तर होताच, वर बाईची फजिती फुकट. लोकांनी पोरांना खांद्यांवर घेतलं होतं. दोन सेवेकरणींनी चंद्रकलेच्या डोक्यावर बादली ओतली. जानेवारीतल्या नागपूरच्या सकाळचं पाणी. दात वाजत होते, पातळ अंगाला चिकटलं होतं, आणि शंभर मोबाइल तिचं चित्र घेत होते. गोपिकाबाई पुढच्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी भूमिका होती. पोरीला आणू नका म्हणून चंद्रकलेनं सासूच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

"हीच ती," महाराज माइकवर म्हणाले. "नवरा परमेश्वर असते म्हणतात. हिनं आपल्या परमेश्वराले बुडवलं. पण आपण दयावान आहो."

लोक हसले. मग नेहमीचा खेळ झाला. दंड तीनदा दाबला गेला, मैदानावरचे बाण मेले, महाराजांचा बाण चालू लागला.

"आता ते यंत्र दे."

"देते, महाराज," चंद्रकला म्हणाली. आवाज थंडीनं कापत होता, म्हणून तिनं शब्द हळू टाकले. "आधी एक विचारू द्या. हे मी शिवलं. भ्रष्ट झालं ना?"

"झालं."

"याच्यात आता तुमची काही शक्ती नाही?"

"काही नाही. दगड आहे तो. दे इकडं."

"मग हा दगड पाहा."

तिनं नेव्हिगेटर उंच धरला. कोपऱ्यात शेंदूर नव्हता. बाण चालत होता. पुढच्या रांगेतले लोक वाकून पाहू लागले. आपापल्या मेलेल्या पडद्यांकडे त्यांनी पाहिलं, महाराजांच्या पडद्याकडे पाहिलं, तिच्या पडद्याकडे पाहिलं. हसणं आपोआप थांबलं.

"वसंतभाऊ, तुम्ही विकलं हे. वाचा, कुठी जाऊन राहिलं."

वसंत वाचेना. शेजारच्या एका दाढीवाल्यानं वाचलं, "सावळी. फाटा ओलांडला... सरळ जा म्हणते."

"माह्या नवऱ्यालेही तेच म्हणे. पाहत राहा. आता उतार येईल.  आन् इथं," तिनं काचेवर बोट ठेवलं, "इथं पाणी लागते. छातीभर. इथं तो पडला."

बाण थांबला नाही. पन्नासच्या वेगानं तो पाण्यातून, गाडलेल्या घरांवरून पुढं गेला.

"हे यंत्र आधी जाऊन रस्ता पाहून येते ना, महाराज? मग ते पाण्यातून आलं कसं? मी ओली हाय. हे कोरडं हाय."

महाराजांनी माइक तोंडाशी नेला.   "विटाळाची माया आहे ही," ते एवढंच म्हणाले. तेवढ्यात ती पुढं झाली आणि ओल्या पदरानं त्यांच्या पडद्याचा टिळा पुसून काढला. खाली लाल अक्षरात तोच शब्द होता, सिम्युलेशन. दाढीवाल्यानं तोही मोठ्यानं वाचला.

सगळे तिकडे बघत असताना मिनल गाडीमागं गेली होती. दंडाच्या बुडातून एक काळी वायर निघून उजव्या पेटीत शिरत होती. मोटारसायकलची वायर कुठून कुठं जाते हे तिला कळत होतं, आणि जी कुठंच जायला नको तीही कळत होती. तिनं ती उपटली. दोन-तीन मिनिटं काही झालं नाही. मग एक मोबाइल बोलला, मार्ग पुन्हा शोधत आहे. दुसरा बोलला, पन्नास मीटरवर डावीकडे वळा. मग सगळं मैदान बोलू लागलं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, मागे फिरा, मागे फिरा.

पेटी फोडली तेव्हा आत शिंगांसारख्या चार अँटेना असलेली काळी डबी निघाली. अजून गरम होती.

जी हेल्मेटं छातीशी धरलेली होती तीच आता वर उठली. चंद्रकलेवर हसणारे ते हेच लोक. पाच मिनिटांत बाजू बदलली, भूक तीच राहिली. "त्याले मारू नका," चंद्रकला म्हणाली. "मार खाल्ला तर उद्या हा संत होईल. पोलिसाले द्या." कोणी ऐकलं, कोणी ऐकलं नाही. पोलीस आले तेव्हा महाराजांचे पुढचे दोन दात मैदानात कुठंतरी होते आणि वसंतच्या दुकानाची काच फुटली होती.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, जॅमरचा वेगळा. महाराजांचं नाव मधुकरराव निघालं. पूर्वी ते मोबाइलची कव्हरं विकायचे. नकाशे जुने झाले म्हणून भंगारात निघालेले दोनशे नेव्हिगेटर वसंतनं आणले होते, आणि ते पिवळे त्रिकोण झाकायला शेंदराहून स्वस्त दुसरं काही मिळालं नव्हतं. एवढंच त्या सिद्धीचं रहस्य. एवढ्यावर एक माणूस मेला.

घरी आल्यावर गोपिकाबाई चुलीपाशी बसल्या. चंद्रकलेनं कोरडं पातळ नेसून चहा ठेवला. सासूनं कप घेतला, पण ओठाला लावला नाही.

"मग माहा पोरगा उगाच गेला का वं?" त्या म्हणाल्या. "तुह्या हातानं गेला म्हणत होते तर निदान काही कारण तरी होतं."

या बाईनं इतके दिवस आपल्याला जाळलं ते का, हे चंद्रकलेला तेव्हा कळलं. तिला दया आली नाही. खोटं बोलून धीर द्यावा असंही वाटलं नाही.

"हो, मामीजी," ती सासूला म्हणाली. "उगाच गेला. पाच मिनिटं थांबला असता, तर वाचला असता."

गोपिकाबाईंनी माफी मागितली नाही, पुढंही कधी मागितली नाही. माठ मात्र दुसऱ्या दिवशी आपल्या हातानं आत आणून ठेवला. भूमिका आईच्या हातून गटागटा दोन पेले पाणी प्यायली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं. पण पुढच्या रविवारी सकाळी महालातल्या गल्लीत चार गाड्या येऊन उभ्या राहिल्या. तो दाढीवालाही त्यांत होता. चौघांनी दाराबाहेर बूट काढले आणि हेल्मेटं छातीशी धरली. प्रत्येकाच्या हातात एकेक नेव्हिगेटर.

"ताई, तुमच्या हातचा गुण आम्ही डोळ्यांनी पाहिला," दाढीवाला नम्रपणे म्हणाला. "तुमच्या पदरानं एकदा पुसून द्या. म्हणजे दोष राहणार नाही. ओला पदर असला तर अजून चांगलं."

चंद्रकला दारात उभी होती. मागून भूमिका पदराला धरून होती. आधी तिला हसू आलं, मग अंगावर काटा आला. या माणसांनी महाराज गमावला होता आणि आठवडाभरसुद्धा त्यांना रिकामं राहवलं नव्हतं.

"पदरानं धूळ निघते," ती म्हणाली. "बाकी काही निघत नाही. माह्या हातात गुण असता तर मी इथं कुंकवाविना उभी राहिली नसती."

चौघं खाली बघू लागले. तिनं दाढीवाल्याच्या हातातलं यंत्र घेतलं, कोपरा त्याच्यासमोर धरला.

"हा त्रिकोण दिसते? वाचा. तुम्हाले इंग्रजी येते, मले नाही येत. काय लिहिलं?"

"नकाशा जुना आहे."

"मग नवा भरा. भरून मिळत नसेल तर फेकून द्या. आन् नवा भरला तरी रस्त्यावर माणूस दिसला की गाडी थांबवा, इंजिन बंद करा, विचारा. त्यानं सांगतलेलं आन् यंत्रानं सांगतलेलं जुळलं नाही तर आपल्या डोळ्यानं पाहा, चालत जाऊन पाहा. विचारल्यानं कोणी लहान होत नाही. न विचारता माणूस मरते. मी सांगून राहिली म्हणूनही ऐकू नका. तपासून पाहा."

तिनं यंत्र परत दिलं. दाढीवाल्यानं ते घेताना सवयीनं कपाळाला लावायला उचललं, तिच्याकडे पाहिलं, आणि खिशात घातलं.